कंबरदुखी, सुजलेले पाय आणि बंद झालेल्या किडन्या: पोटामागच्या एका दुर्मीळ आजाराचं प्रकरण

रुग्णाची आणि घरच्यांची संमती घेऊन हे लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रुग्णाला इथे तात्या म्हणू. मी कोल्हापुरात फिजिशियन म्हणून काम करतो. या प्रकरणात एक चूक माझीही आहे, तीही खाली येईल.

पार्श्वभूमी

तात्या ५४ वर्षांचे, वजन ६२ किलो. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत २६ वर्षं मोल्डिंगला. गाव करवीर तालुक्यात, घरचा दीड एकर ऊस. बिडीचं एक बंडल दिवसाला संपायचं. बीपी, शुगर काही नाही. दवाखान्याची पायरी सहसा न चढणारा माणूस.

शिमग्याच्या सुमारास कंबर दुखायला लागली. वाळूची पाटी उचलणाऱ्याची कंबर दुखते, यात कुणाला नवल वाटणार? गावात इंजेक्शनं झाली, डायक्लोफेनॅकच्या गोळ्या झाल्या, शेक झाला. दुखणं जाईना, म्हणून जुलैत कमरेचा एमआरआय काढला. रिपोर्टमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यामधली चकती थोडी घसरल्याचं लिहिलं होतं. तो एमआरआय घेऊन तात्या माझ्याकडेही एकदा आले होते. मी चकतीबद्दलचं वाक्य वाचलं, फिल्म उजेडाला धरली, चकती पाहिली आणि व्यायाम व विश्रांती लिहून दिली.

पुढे ऑगस्टमध्ये अंग मोडून येऊ लागलं, जेवण तुटलं, वजन चार किलो उतरलं. तेव्हा गावात रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.४ आलं, म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्याच चिठ्ठीवर खाली ईएसआर ९२ असा बराच वाढलेला आकडा होता; अंगात कुठेतरी सूज असल्याची ती खूण. तो आकडा पुढचे तीन महिने कुणीच वाचला नाही.

अडचण समोर आली ती अशी

नोव्हेंबरात तात्यांच्या पत्नी त्यांना घेऊन आल्या. पाय सुजलेले. मोजा काढला तर घोट्याच्या वर त्याची वीण जशीच्या तशी उमटलेली; अंगठ्याने दाबलं तर खड्डा पडायचा आणि बराच वेळ भरायचा नाही. वृषणाभोवती पाणी साचलं होतं. दोन दिवस लघवी जेमतेम होत होती. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ६.४, म्हणजे किडन्या जवळपास बंद.

सोनोग्राफीत दोन्ही किडन्या फुगलेल्या दिसल्या. डावी ११ सेंटिमीटरची, उजवी ८ सेंटिमीटरची आणि तिचा गर पातळ झालेला. खडा कुठेच नाही. आपल्याकडे किडनी फुगली म्हटलं की पहिला शब्द येतो मुतखडा. इथेही ‘खडा खाली सरकला असेल’ असं एक मत पडलं. पण खड्याची कळ माणसाला गडाबडा लोळवते. तात्यांची कळ तशी कधीच नव्हती. दुखणं बोथट, एकसारखं, रात्री झोपल्यावरही तसंच आणि वाकल्या-उठल्याने फरक न पडणारं. शिवाय कळ न येता एकाच वेळी दोन्ही बाजूंना खडे अडकणं फारच विरळा.

साधा सीटी काढला, कारण क्रिएटिनिन एवढं असताना कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध, द्यायची सोय नव्हती. महाधमनी पोटात खाली जाऊन दोन पायांसाठी जिथे दुभंगते, तिथे तिच्याभोवती राखाडी थर लपेटलेला दिसला. सर्वांत जाड जागी २२ मिलिमीटर. दोन्ही मूत्रवाहिन्या त्या थराने मधल्या रेषेकडे ओढून घेतल्या होत्या.

रेडिओलॉजिस्टने जुलैचा एमआरआय मागितला. साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत बाकीच्या कागदांबरोबर तो होता. फिल्म खिडकीला लावली आणि त्यांनी चकतीवर नाही, मणक्यांच्या पुढे बोट ठेवलं. मणके आणि महाधमनीच्या आगेमागे तोच राखाडी पट्टा, तेव्हा थोडा पातळ, पण स्पष्ट. चार महिने आधी तो माझ्या हातात होता. त्या दिवशी मी फक्त रिपोर्टात लिहिलेलं तेवढं शोधलं.

हा आजार काय आहे

पोटाच्या आतल्या पडद्यामागे, पाठीच्या कण्याला लागून एक जागा असते. किडन्या, त्यांच्यापासून मूत्राशयापर्यंत जाणाऱ्या साधारण २५ सेंटिमीटरच्या मूत्रवाहिन्या, महाधमनी आणि शरीराच्या खालच्या भागातलं रक्त वर नेणारी महाशीर, हे सगळं तिथे. या जागेत सूज येऊन हळूहळू चिवट, व्रणासारखे तंतू तयार होणं म्हणजे रेट्रोपेरिटोनियल फायब्रोसिस. १९०५ मध्ये फ्रान्समध्ये काम करणाऱ्या अल्बारान यांनी त्याचं वर्णन केलं. १९४८ मध्ये अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञ ऑर्मंड यांनी दोन रुग्णांची हकीकत छापली, तेव्हापासून तो ऑर्मंडचा आजार म्हणूनही ओळखला जातो.

मूत्रवाहिन्या आवळल्या की किडन्या फुगतात. महाशीर आणि लसिकावाहिन्या दबल्या की पाय सुजतात, वृषणाभोवती पाणी साचतं. कंबर आणि कूस दुखते ती या सुजेमुळेच. ४० ते ६० वयाच्या पुरुषांत तो जास्त. दोनतृतीयांशाहून अधिक रुग्णांत वेगळं कारण सापडत नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणाच बिथरलेली असते. त्यातल्या काहींचं नातं आयजीजी-४ या प्रतिपिंडाशी जोडलेल्या आजारांशी लागतं. उरलेल्यांत कारण शोधावं लागतं: लसिकाग्रंथींचा कॅन्सर, इतर कॅन्सरचा फैलाव, क्षयरोग, जुनी रेडिएशन ट्रीटमेंट, अर्धशिशीवरची अर्गटच्या कुळातली औषधं.

फिनलंडमधल्या पाहणीत वर्षाला दर लाखामागे ०.१ नवे रुग्ण मिळाले, नेदरलँड्समधल्या पाहणीत १.३. हेच दर आपल्या जिल्ह्याच्या २०११ च्या जनगणनेतल्या सुमारे ३९ लाख लोकसंख्येला लावून पाहिले, तर वर्षाला ४ ते ५० माणसं होतात. माझ्या नजरेला आजवर एवढी कधी पडली नाहीत. ती माणसं कंबरदुखीच्या किंवा मुतखड्याच्या रांगेत उभी असतील, असं मला आता राहून राहून वाटतं.

तात्यांना हे समजावताना मी पाइपाचं चित्र काढलं. त्यांनी ते पाहिलं आणि म्हणाले, “म्हंजे पाइपाभोवती वाळू ठासल्यागत झालंय. वाळू ओली हाय तवर ढिली करता येती डॉक्टर, गॅस देऊन कडक झाल्यावर फोडायच लागती.” आजाराची सगळी गोम यात आली. सुरुवातीची सूज औषधाने उतरते. जुना झालेला व्रण उतरत नाही.

पहिला निर्णय: आधी वाट मोकळी करणं

निदान पक्कं व्हायची वाट पाहणं शक्य नव्हतं. पोटॅशियम ६.१, म्हणजे हृदयाला धोका होईल इतकं वाढलेलं होतं. डायलिसिस, पाठीतून नळी घालून किडनीतली लघवी थेट बाहेर काढणं किंवा मूत्रवाहिनीत आतून डीजे स्टेंट, म्हणजे बारीक नळी, टाकणं, हे तीन मार्ग होते. पोटॅशियम औषधांनी खाली आणून त्याच रात्री मूत्ररोगतज्ज्ञांनी दोन्ही बाजूंना स्टेंट टाकले.

टाकताना त्यांनी एक गोष्ट मुद्दाम सांगितली. लघवी जवळजवळ पूर्ण अडलेली असूनही स्टेंट सरकवायची वायर सहज वर गेली. खडा किंवा आतली गाठ असती तर ती अडखळली असती. मूत्रवाहिनी आतून चांगली होती, तिला बाहेरून आवळलं गेलं होतं.

पहिल्या २४ तासांत साडेपाच लिटर लघवी झाली. तुंबलेली किडनी मोकळी झाल्यावर असा पूर येतो आणि त्याबरोबर सोडियम, पोटॅशियम वाहून जाऊ शकतं. म्हणून दर सहा तासांनी रक्त तपासत होतो आणि त्या हिशोबाने सलाईन देत होतो. क्रिएटिनिन तिसऱ्या दिवशी ३.९, आठवड्याने २.३, पुढे १.९. पायांची सूज मात्र फारशी हलली नाही.

इथे घरच्यांना वाटलं की आजार संपला. लघवी सुटली, माणूस बोलायला लागला, डिस्चार्ज कधी? स्टेंटने फक्त वाट उघडली आहे, आवळणारा थर तिथेच आहे, हे मी तीनदा सांगितलं. घरी ते पोचलं नव्हतं, हे पुढे कळलं.

दुसरा निर्णय: तुकडा काढायचा की थेट स्टेरॉइड

या टप्प्यावर सगळ्यात जास्त चर्चा झाली.

एक मत होतं की सीटीचं चित्र नमुनेदार आहे. थर किडनीच्या धमन्यांच्या खालून सुरू होतो, महाधमनी मणक्यापासून पुढे उचलली गेलेली नाही, मूत्रवाहिन्या आत ओढल्या आहेत. कॅन्सर असेल तर तो बहुधा महाधमनीला पुढे ढकलतो आणि मूत्रवाहिन्यांना बाहेर सारतो. तेव्हा तुकडा न काढता स्टेरॉइड द्यावं. अनेक ठिकाणी असं करतातही.

दुसरं मत क्षयरोगाच्या औषधांचं. वजन उतरलेलं, ईएसआर ९२, आपला मुलूख क्षयाचा. ‘दोन महिने देऊन बघू’ हा मोह खरा असतो. मी त्याला विरोध केला. स्टेरॉइडबरोबर अंदाजाने क्षयाची औषधं दिली आणि थर उतरला, तर कशाने उतरला ते कधीच कळणार नाही. त्यात क्षयाचं रिफाम्पिसिन हे प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा परिणाम कमी करतं, म्हणजे एक औषध दुसऱ्याचे पाय ओढणार.

तिसरा मार्ग शस्त्रक्रियेचा: मूत्रवाहिन्या थरातून सोडवून त्यांना पोटातल्या चरबीच्या पदराने, म्हणजे ओमेंटमने, गुंडाळायचं. तेव्हा मोठा तुकडाही मिळतो. पण सूज ताजी असताना एवढं मोठं ऑपरेशन, तेही अशक्त माणसावर, कुणालाच पटलं नाही.

शेवटी तुकडा काढायचं ठरलं. माझं कारण असं: स्टेरॉइडने लसिकाग्रंथींचा कॅन्सरही काही काळ आकसतो. आपण खूश होतो आणि तो मागून डोकं वर काढतो. स्टेंट असल्यामुळे हातात दोन आठवडे होते, ते वापरायला हवे होते.

क्रिएटिनिन २ च्या खाली आल्यावर, सलाईन देऊन, छाती आणि पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी केला. छाती स्वच्छ, इतर गाठी नाहीत. प्रोस्टेट कॅन्सरसाठीची पीएसए ही रक्ततपासणी ठीक. मग सीटीच्या मदतीने पाठीकडून सुई घालून तीन तुकडे काढले. रिपोर्ट असा: तंतू, त्यांत लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा या सुजेच्या पेशी, क्षयाचा दाणा नाही, कॅन्सरच्या पेशी नाहीत, आयजीजी-४ च्या पेशी नगण्य. रक्तातलं आयजीजी-४ ठीक. क्षयाची जीनएक्सपर्ट तपासणी निगेटिव्ह. क्षयाचे जंतू वाढतात का ते पाहणाऱ्या कल्चरला सहा आठवडे लागणार होते.

सुईचे तुकडे लहान असतात, कॅन्सर त्यांतून निसटू शकतो. म्हणून आम्ही फाइलवर एक अट लिहून ठेवली: स्टेरॉइड सुरू करायचं, पण आठ-दहा आठवड्यांच्या सीटीत थर स्पष्ट उतरला नाही, तर दुर्बिणीने मोठा तुकडा काढायचा. अट आधीच लिहिलेली असल्याने नंतर मन वळवायची पाळी आली नसती. या प्रकरणातली मला सर्वांत पटलेली गोष्ट ती एक ओळ आहे.

मागची माहिती पुन्हा खोदली, तेव्हा तात्यांनी सांगितलं की जुन्या भट्टीच्या दाराला पॅकिंग म्हणून लावायची अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी ते वर्षानुवर्षं हाताने कापत होते. तंबाखूचा धूर आणि अ‍ॅस्बेस्टॉस एकत्र आले तर या आजाराची शक्यता वाढते, हे अभ्यासांत दिसलं आहे. कामाचं स्वरूप विचारताना मी पहिल्या भेटीत फक्त ‘फौंड्री’ एवढंच लिहिलं होतं.

उपचार

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्रेडनिसोलोन ५० मिलिग्रॅम रोज सकाळी. त्याआधी हिपॅटायटिस बी तपासला, शुगर पाहिली, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व सुरू केलं. पाच दिवसांत कंबरदुखी गेली. नऊ महिन्यांचं दुखणं पाच दिवसांत गेल्यावर तात्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, “ह्ये आधी का दिलं न्हाई?” उत्तर खरं तेच दिलं: आधी ओळखलंच नव्हतं.

महिन्याने ईएसआर २८. कल्चर निगेटिव्ह आलं. फेब्रुवारीअखेरच्या सीटीत थर २२ वरून ९ मिलिमीटरवर. दुर्बिणीची गरज राहिली नाही. मार्चअखेर दोन्ही स्टेंट काढले आणि पंधरा दिवसांनी सोनोग्राफी केली. डाव्या किडनीची फुगवट परतली नव्हती. कोणती किडनी किती काम करते ते दाखवणाऱ्या रिनोग्राममध्ये उजवीचा वाटा फक्त १४ टक्के निघाला. ती बहुधा जुलैच्या आधीपासूनच सुकत होती. म्हणजे तात्या आता एका किडनीवर होते.

डोस पायरीपायरीने खाली येत मेच्या मध्यात १० मिलिग्रॅमवर पोचला होता.

काय बिघडलं

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मुलगा त्यांना गाडीत आडवं घालून घेऊन आला. उलट्या, बीपी ९० वर ६०, सोडियम १२६, क्रिएटिनिन ३.१. मेअखेर त्यांनी स्टेरॉइड एकदम बंद केलं होतं. चेहरा सुजला होता, शुगर २४० झाली होती आणि एका पाहुण्याने ‘स्टेरॉइड हाडं खातं’ असं सांगितलं होतं. पाहुणा खोटं बोलला नव्हता. पण सहा महिने बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, आणि गोळी अचानक बंद केली तर माणूस असाच कोसळतो. हे त्यांना आम्ही सांगायला हवं होतं. पाहुण्याला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं.

हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन दिल्यावर काही तासांत बीपी सावरलं. सोनोग्राफीत डावी किडनी पुन्हा फुगलेली. ईएसआर मात्र फक्त ३४. आजार उलटला तरी ईएसआर दर वेळी वर जात नाही. एका आकड्यावर भरवसा ठेवला असता तर हा उलटलेला आजार मी पुन्हा सोडियमच्या आड हरवला असता. सीटीत थर १६ मिलिमीटर.

डावीकडे पुन्हा स्टेंट गेला, प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅमवर. या वेळी स्टेरॉइडचा डोस लवकर उतरवता यावा म्हणून जोडीला दुसरं औषध हवं होतं. टॅमॉक्सिफेन स्वस्त आणि या आजारात बरंच वापरलं जाणारं. पण २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत, आठ महिन्यांत आजार उलटण्याचं प्रमाण प्रेडनिसोनवर ६ टक्के, तर टॅमॉक्सिफेनवर ३९ टक्के होतं. रुग्ण दोन्हीकडे १८ च होते, तरी फरक मोठा. शिवाय टॅमॉक्सिफेनने रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो आणि तात्यांची महाशीर आधीच दबलेली. मेथोट्रेक्सेट अशा किडनीला नको. म्हणून प्रतिकारयंत्रणेला आवर घालणारं मायकोफेनोलेट निवडलं. महाग पडतं, पांढऱ्या पेशी सतत पाहाव्या लागतात, जंतुसंसर्गाचा धोका असतो. हे सगळं या वेळी मराठीत, कागदावर, मुलासमोर सांगितलं.

परिणाम

पहिल्या स्टेरॉइडला आता दीड वर्ष होत आलं. क्रिएटिनिन १.७ वर स्थिर आहे. डावा स्टेंट एकदा बदलला आणि नंतर काढला. उजवी किडनी परतली नाही. शुगर गोळ्यांवर आटोक्यात. बिडी सुटली. मालकाने त्यांना भट्टीवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं आहे. थर ७ मिलिमीटर उरला आहे. तो आता ओली वाळू नाही, कडक झालेला साचा आहे, आणि तेवढा राहील.

पुन्हा असा रुग्ण आला तर

पन्नाशीच्या आसपासच्या माणसाची कंबर हालचालीशी संबंध न ठेवता दुखत असेल आणि वजन उतरत असेल, तर मी आता ईएसआर, सुजेचीच दुसरी तपासणी सीआरपी, क्रिएटिनिन आणि सोनोग्राफी पहिल्याच भेटीत मागतो. खर्च एमआरआयपेक्षा पुष्कळ कमी. वेदनाशामक गोळ्या महिनाभर चालल्या असतील तर क्रिएटिनिन तसंही पाहायलाच हवं. तात्यांचं आठ महिन्यांत एकदाही पाहिलं गेलं नव्हतं. कमरेच्या फिल्मवर मणक्यांच्या पुढची जागा स्वतः पाहतो. रेडिओलॉजिस्टला नुसतं ‘कंबरदुखी’ न कळवता वजन आणि ईएसआरही कळवतो, म्हणजे तेही त्या जागेत शोधतात.

ऑक्टोबरात, वृषणाभोवती पाणी साचलं तेव्हा, तात्या लाजून कुणाला बोलले नव्हते. मीही पुरुष रुग्णाला पाय सुजल्यावर हे विचारत नसे. आता विचारतो.

तुकडा काढण्याच्या निर्णयावर आमच्यात आजही दोन मतं आहेत. थेट स्टेरॉइड दिलं असतं तर दोन आठवडे वाचले असते आणि शेवट हाच झाला असता, असं माझे एक सहकारी म्हणतात. या रुग्णापुरतं ते खरं आहे. तरी पुढच्या वेळीही, स्टेंटने वेळ मिळत असेल तर, मी तुकडा मागेन.

आणि चिठ्ठी. डोस उतरवायचं वेळापत्रक मी इंग्रजीत, घाईच्या अक्षरात, एका ओळीत लिहिलं होतं. घरी गोळ्या देण्याचं काम तात्यांच्या पत्नीचं; त्यांना ते वाचता येत नव्हतं, आणि त्यांनी मला तसं म्हणणं शक्यच नव्हतं. आता तात्यांच्या खिशात मराठीत छापलेलं एक कार्ड असतं: ‘मी स्टेरॉइड घेतो. हे औषध अचानक बंद करू नये. उलट्या, चक्कर आल्यास लगेच दवाखान्यात न्यावे.’ आणि घरात चुलीशेजारच्या भिंतीवर कालनिर्णय आहे. त्याच्या प्रत्येक चौकोनात पत्नीने पेन्सिलीने त्या दिवशीचा आकडा लिहिला आहे, आधी ७.५, मग ५. गोळी दिली की त्या चौकोनाला हळदीच्या बोटाने टिकली लावतात. मागच्या भेटीला त्या ते अख्खं पान फाडून घेऊन आल्या होत्या. एकही चौकोन कोरा नव्हता. पुढचा सीटी ऑगस्टमध्ये आहे.